गज येईपर्यंत

कुणी माझ्यासमोर ‘सव्वा महिना’ म्हटलं की मी लगेच विचारतो, म्हणजे नेमके किती दिवस? सुनेच्या बाळंतपणात सुईण म्हणाली, सव्वा महिना हिला गार पाण्यात हात घालू देऊ नका. मी ओसरीवरून विचारलं, दिवस सांग. ती म्हणाली, अहो, सव्वा महिना म्हणजे सव्वा महिना. मी म्हणालो, तसं चालायचं नाही, बोटांवर मोज आणि सांग. घरातल्या सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. म्हातारा चळला म्हणतात. म्हणोत बापडे. मी जन्माचाच तापट, आणि ह्या एका बाबतीत मला गप्प बसवत नाही. कासमभाई सारंगीवाला ह्या मोजणीपायी गेला, आणि मोजणी चुकली होती ती माझ्या तोंडून.

कासमभाई अमरावतीत खोलापुरी वेशीच्या आत राहायचा, पिंजाऱ्यांच्या गल्लीला लागून. मी देवळात मृदंग वाजवणारा गुरव. आमचं घर त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. उंच, हडकुळा माणूस, सारंगी धरून धरून डावा खांदा उतरलेला. त्याला सगळे अरेतुरेच करायचे, मीही. तो मात्र मला कधी ‘गुरवबुवा’ आणि ‘तुमी’ याखेरीज बोलला नाही. घरी कुणी आलं की तो आधी माणसाकडं बघायचाच नाही. आलेल्याच्या खाकेतल्या वाद्याकडं बघायचा, ते मांडीवर घ्यायचा, त्याच्या पोटाला कान लावून डोळे मिटायचा आणि विचारायचा, “साजाची तब्येत कशी हाय?” मी एकदा तापातून उठून त्याच्याकडं गेलो होतो. हातात काठी, गालफडं बसलेली. त्यानं विचारलं, मृदंगाला ऊन लागत नाही ना? मी चिडून घरी परतलो. मग भाभीच्या हाती मुगाची खिचडी आली. ती त्यानंच पाठवली होती, पण तोंडानं विचारणं त्याला कधी जमलंच नाही.

भाभी म्हणजे त्याची बायको आमिना. दोघांना मूलबाळ नव्हतं. घरात मात्र दाटीवाटी होती, कारण भिंतीला, कोनाड्यात, उतरंडीमागं सगळीकडं वाद्यं. फुटक्या भोपळ्याचे तंबोरे, पुडी गेलेले मृदंग, एक बिनखुंट्यांची वीणा. भाभी म्हणायची, माझ्या घरात माणसं दोन आणि आजारी पंचवीस.

नवीन सारंगीवाला भेटला की कासमभाई त्याचा डावा हात हातात घ्यायचा. सारंगीची तात, म्हणजे आतड्याची तार, बोटाच्या पेरानं दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी घासून सूर काढतात. त्यामुळं वाजवणाऱ्याच्या नखांच्या मुळाशी घट्टे पडतात, टणक, काळपट. तो ते घट्टे अंगठ्यानं चाचपायचा आणि मग नाव विचारायचा. मी म्हणालो, हे काय, सोयरीक जुळवतो आहेस का? तेव्हा तो म्हणाला होता, “नाव खोटं सांगता येते, गुरवबुवा. घट्टा खोटा आनता येत नाई.”

आता त्याची रीत सांगतो. ती एकट्या त्याची नव्हती. वऱ्हाडातले सगळे वाजवणारे ती पाळायचे, पण त्याच्याइतकी कुणी नाही. वाद्य विकायचं नाही, बदलायचं. तुझं मला, माझं तुला. पण पहिले चाळीस दिवस पारखायचे. तेवढ्या दिवसांत एक वस्तू आपली आपल्यापाशी ठेवायची. सारंगीवाल्यानं आपला गज, म्हणजे सारंगीवर फिरवायचा धनुष्यासारखा दांडा, ठेवायचा, तंबोऱ्यावाल्यानं तारेखालचा दोरा, मृदंगवाल्यानं हातोडी. चाळिसाव्या दिवशी ठरल्या जागी दोघांनी यायचं. पटलं असेल तर गज देऊन टाकायचा, नसेल तर वाद्य परत. कारण विचारायचं नाही. आणि समोरचा आलाच नाही तर? तर त्याच्या दारात जाऊन मागायचं नाही. दारात जाणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. वाट बघायची. आणि तो येईपर्यंत त्या वाद्याला हात लावायचा नाही, कारण पारख संपलेली आणि मालकी आलेली नाही.

माझा स्वतःचा मृदंग असाच आला. माझ्या जुन्या मृदंगाचं खोड तडकलं होतं आणि देवळात उत्सव तोंडावर. कासमभाईनं मला एक खैराचा मृदंग दिला, असा की थाप मारली की छातीत वाजावा. बदल्यात माझं तडकलेलं खोड ठेवून घेतलं. मी मनात म्हणालो, हा माणूस खुळा आहे. चाळीस दिवसांनी वेशीजवळच्या पारावर मी माझी हातोडी घेऊन गेलो ती भीत भीत, की हा आता शुद्धीवर येईल आणि मृदंग परत मागेल. तो आला, माझ्या हाताकडं पाहिलं, “हात बसला?” एवढं विचारलं, आपल्याजवळची हातोडी माझ्या पुढ्यात ठेवली आणि निघाला. गावातल्या गावात दिवसाची काटेकोर मोजणी कधी नव्हतीच. आज नाही भेटला तर परवा भेटेल, पार काही पळून जात नाही.

ते दिवस कापसाचे होते. सात समुद्रापलीकडं कुठं लढाई लागली होती म्हणे, आणि तिच्यापायी आमच्या बोंडाला सोन्याचा भाव आला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. काल ज्याच्या अंगावर धड बंडी नव्हती तो आज दलाल होऊन मांडीखाली गादी घेऊ लागला. लग्नं आठ आठ दिवस चालायची आणि प्रत्येक मांडवात गाणं. आम्हां वाजवणाऱ्यांची चंगळ झाली, खोटं कशाला बोलू. पण त्याच दिवसांत ह्या नव्या शेटजींना एक खूळ लागलं. दिवाणखान्यात आरसे, झुंबरं आणि भिंतीवर टांगलेली जुनी वाद्यं. वाजवता कुणाला येत नव्हतं, टांगता सगळ्यांना येत होतं.

असाच एक कापूसवाला कासमभाईच्या दारात आला. कासमभाईची स्वतःची सारंगी त्याच्या बापानं हातानं कोरलेली, तुणीच्या लाकडाची, भरदार आवाजाची. ती ह्या शेटजीला भिंतीवर हवी होती. बोल काय हवं ते, म्हणाला. कासमभाई आत गेला, मागच्या दारानं शेजारच्या पिंजाऱ्याकडून कापूस पिंजायची धनुकली घेऊन आला आणि शेटजीपुढं धरली. म्हणाला, टांगायचीच असेल तर ही टांगा, हिलाही तातच असते, आणि तुमच्या धंद्याला शोभेल. शेटजी मोठ्यानं हसला आणि गेला. कासमभाई हसला नाही. मला म्हणाला, साज खुंटीवर गेला की मेला. माझी सारंगी हवी त्यानं ती वाजवून न्यावी.

तसा नेणारा त्याच साली मार्गशीर्षात आला.

अमरावतीतल्या एका दलालाच्या घरी लग्न होतं. अकोल्याहून गायक आले होते आणि त्यांच्या मागं सारंगीला महादेवबुवा गोसावी. ठेंगणा, शांत माणूस, बोलताना खाली बघणारा. त्याची सारंगी लहानशी, त्याच्या गुरूची, आवाज गोड पण इवलासा. त्याला अकोल्यात एका मोठ्या पेढीवाल्यानं वर्षभरासाठी ठेवून घेतलं होतं. तिथले मांडव प्रचंड, शेवटच्या रांगेला त्याची सारंगी ऐकूच जात नव्हती, आणि पेढीवाला कुरकुर करू लागला होता. हे त्यानं कासमभाईला नुसतं दुःख म्हणून सांगितलं, मागितलं काही नाही. कासमभाईनं त्याचा डावा हात हातात घेतला, घट्टे चाचपले आणि बापाची सारंगी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. मी तिथंच होतो. मी त्याला बाजूला ओढून म्हणालो, अरे, माणूस परगावचा, आज पाहिलास तू त्याला. तो म्हणाला, मला लहान खोलीत वाजवायचं असतं, मला हिची लहान बहीण पुरते.

दुपारची वेळ होती. आत बैठक सुरू झाली आणि कासमभाईला बोलावणं आलं. तिकडं अकोल्याच्या गाड्या जुंपलेल्या. दिवस ठरवायचा राहून गेला होता. कासमभाई गोसाव्याची सारंगी उराशी धरून दारातूनच मला म्हणाला, “गुरवबुवा, त्याले सांगा, चाळीस दिवसांनी, मूर्तिजापूरच्या सराईत. मधात पडते, दोघाले सारकं.”

मी धावलो. गाडी हलली होती. चाकाबरोबर चालत मी महादेवबुवाला सांगितलं, “सव्वा महिन्यानं. मूर्तिजापूरच्या सराईत.”

आमच्या घरात बाळंतपण सव्वा महिन्याचं, नवस सव्वा महिन्याचा, सगळं सव्वा महिन्याचं. कासमभाईकडं चाळीस. मला वाटलं, एकच की. गोसाव्यानं मान डोलावली आणि गाडी धुरळ्यात गेली.

चाळिसाव्या दिवशी कासमभाई एका कापसाच्या गाडीवर बसून मूर्तिजापूरला गेला. सराईत तेव्हा शेकडो गाड्या उतरलेल्या, बोजे, बैल, धुरळा, कोण कुणाला ओळखतो. तीन दिवस तो तिथं बसला आणि परत आला. गोसावी आला नव्हता. येईल, म्हणाला. काही अडचण असेल. गोसाव्याची सारंगी त्यानं स्वच्छ फडक्यात गुंडाळली, वरून भाभीची जुनी ओढणी बांधली आणि आड्याला टांगली. तेव्हा त्याच्याकडं आणखी तीन सारंग्या होत्या, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही.

मग कापूस पडला. ती परमुलखातली लढाई थांबली म्हणे. भाव असा कोसळला की गठ्ठे वखारीत कुजले आणि चांदीच्या शेंब्या शिंगांवरून उतरल्या. मांडव गेले, गाणं गेलं. शेटजींच्या भिंतींवरची वाद्यं चुलीतसुद्धा गेली असतील. अमरावतीतले वाजवणारे देशोधडीला लागले. कुणी आपलं वाद्य मोडीत घातलं, कुणी दोन पायल्या ज्वारीवर दिलं. असा प्रत्येक जण शेवटी कासमभाईच्या दारात यायचा. हात रिकामा, तोंड उतरलेलं. आणि हा त्याला काहीतरी देऊन टाकायचा. बदल्यात काय, तर काहीच नाही. फार तर कुणाला म्हणायचा, तुझ्याकडं जुना गज आहे, तो दे. वर्षभरात त्याच्या तिन्ही सारंग्या गेल्या, तंबोरे गेले, वीणा गेली. मी भांडलो त्याच्याशी. म्हणालो, आपलं ठेवावं झाकून हे तुला ठाऊकच नाही का? तो म्हणाला, ते मागायला आले तेव्हा त्यांचे घट्टे अजून टणक होते. मऊ पडले की मग दिलं काय आणि नाही दिलं काय.

घरात एकच सारंगी राहिली. आड्याला टांगलेली, गोसाव्याची. आणि तिला तो हात लावत नव्हता.

पोटासाठी तो शेजारच्या पिंजाऱ्याकडं कामाला लागला. ज्या धनुकलीवरून त्यानं शेटजीला चिडवलं तीच हातात आली. दिवसभर तातीवर लाकडी मोगरी मारायची, कापूस उडायचा, आणि सगळी गल्ली ऐकायची, कारण कासमभाई पिंजायची तातसुद्धा सुरात लावून घ्यायचा. पिंजाऱ्याची पोरं सांगायची, चाचा सकाळी आधी अर्धी घटका तात पिळतो, मग कापसाला हात घालतो. ऐकून आम्ही हसायचो. मग खोकला लागला आणि हसणं बंद झालं. कापसाचे बारीक तंतू त्याच्या छातीत जाऊन बसले. बोलता बोलता तो वाकायचा, कमरेवर हात ठेवून खोकत राहायचा आणि वर बघून ओशाळवाणं हसायचा. दुसऱ्या उन्हाळ्यात थुंकीत रक्त आलं. हकीम म्हणाला, ह्या धुळीतून उठला तर जगेल, नाही उठला तर पुढली संक्रांत बघणार नाही.

मी तेव्हा भातकुलीच्या एका मठात जाऊन महंतांचे पाय धरले. आषाढापासून चार महिने त्यांच्याकडं भजन असतं, साथीला सारंगी हवी होती. महंत म्हणाले, मुसलमान आहे तर बाहेरच्या कट्ट्यावर बसू दे, सूर काय, आत येतो. दोघांना खोली, दोन वेळचं जेवण, आणि स्वच्छ हवा. मी नाचतच त्याच्या घरी आलो. कासमभाईनं सगळं ऐकून घेतलं, माझे हात हातात घेतले आणि म्हणाला, पण माझ्याजवळ सारंगी कुठं आहे?

मी आड्याकडं बोट दाखवलं. तो नुसता मान हलवत राहिला. भाभी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. म्हणाली, “दादा, मी ह्यांच्यापुढं पदर पसरला. तुमीच काई तरी करा. खोटं बोला, पन करा.”

मी केलं. दोन दिवस गावाबाहेर राहिलो आणि परत येऊन भर दुपारी पिंजाऱ्याच्या पडवीत गेलो. कापूस उडत होता. मी म्हणालो, मी अकोल्याला जाऊन आलो. तुझी सारंगी एका शेटजीच्या भिंतीवर पाहिली. गोसाव्यानं विकली ती. आता बोल. त्यानं रीत मोडली, तू मोकळा झालास. काढ ती आड्यावरून आणि चल भातकुलीला.

कासमभाईच्या हातातली मोगरी थांबली. तात थोडा वेळ वाजत राहिली. मला वाटलं आता हा शिव्या देईल, रडेल, बापाच्या सारंगीसाठी ऊर बडवेल. तो म्हणाला, “विकली? मंग त्याच्या घरात चूल पेटून नसन राहिली.” आणि उठला. कपडे झटकले. “त्याच्यापाशी आता एकबी साज नाई, गुरवबुवा. त्याचा साज त्याले नेऊन द्या लागन.”

मी ओरडलो, अरे, दारात जायचं नसतं ना?

“मागायले जाऊ नये. द्यायले जायले कोनी मना केलं?”

मी कपाळाला हात लावून बसलो. एक खोटं बोललो ते त्याला वाचवायला, आणि हा उठून अकोल्याला निघाला. एकटा गेला तर माझं बिंग फुटणार, म्हणून मीही निघालो. खरं तर मला तेव्हाच सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

तोवर आगगाडी बडनेऱ्यापर्यंत आली होती. बडनेऱ्याला आम्ही पायी गेलो, तो दर शेतामागं बसत. गाडीत त्यानं ओढणीतली सारंगी तान्ह्या लेकरासारखी मांडीवर धरली होती. मी सगळ्या वाटेत खिडकीबाहेर बघत राहिलो. ज्येष्ठातलं ऊन, बाहेर काळी रानं भेगाळलेली.

अकोल्यात मोर्णा नदीच्या काठाला गोसाव्यांची वस्ती. महादेवबुवाचं खोपट सापडायला वेळ लागला नाही. तो दारातच बसून अंबाडीचे दोर वळत होता, गठ्ठे बांधायला लागतात ते. मी त्याला ओळखलंच नाही. गालांची हाडं वर आलेली, अंगावर फाटकी छाटी. आम्हांला पाहून तो हातातला दोर टाकून उभा राहिला. कासमभाईनं ओढणीची गाठ सोडली, लहान सारंगी आणि तिच्यावर आपल्याजवळचा स्वतःचा गजही त्याच्या पुढ्यात ठेवला. म्हणाला, बुवा, वेळ वाईट आहे, हे तुमचं तुम्ही ठेवा, मनात काही आणू नका. विकली तर विकली.

“काय विकलं?” गोसावी म्हणाला.

तो आत गेला. आड्यावरून घोंगडीचं एक बोचकं उतरवून आणलं. घोंगडीच्या आत धोतराचा धुवट तुकडा, त्याच्या आत कासमभाईच्या बापाची सारंगी. धुळीचा कण नव्हता तिच्यावर. गोसावी म्हणाला, “सव्वा महिन्यानं गेल्तो मी, मियाँभाई. सदतिसाव्या रोजी पोचलो. दोन रोज बसलो सराईत. तुमी नाई आले. म्हटलं येतीन, काई अडचन असन. मंग हात नाई लावला.” मागून त्याची बायको बोलली. पेढीवाल्यानं कधीच काढून टाकलं. लोक दारात भजनाला बोलवायला यायचे, हे जायचे नाहीत, साज आपला नाही म्हणायचे. लेक गेली आमची त्या साली. तिनं एवढंच सांगितलं आणि ती आत गेली.

कासमभाईनं गोसाव्याचा डावा हात हातात घेतला. नखांच्या मुळाशी अंगठा फिरवला. घट्टे नव्हते. मऊ, गुलाबी कातडी, दोर वळणाऱ्याच्या हाताला तळव्यावर पडतात तेवढेच फोड. मग त्यानं आपला हात त्याच्या हाताशेजारी धरला. त्याचीही बोटं तशीच. सारंगीकडं त्या दोघांनी पाहिलंच नाही. ते बराच वेळ एकमेकांच्या बोटांकडं बघत बसले.

मग कासमभाईनं मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. सव्वा महिनाही, आणि भिंतीवर पाहिलेली सारंगीही. मी बोलायला तोंड उघडलं. त्याच्या आधी तो गोसाव्याला म्हणाला, “दिवस सांगतानी माहीच जबान फिरली असन, बुवा. गुरवबुवांनी म्या सांगतलं तेच सांगतलं.”

आणि मी गप्प बसलो. देवाशपथ सांगतो, त्या क्षणी मी गप्प बसलो. तिथं खरं बोलायला एका वाक्याचं काम होतं आणि ते वाक्य माझ्याच्यानं निघालं नाही.

गोसाव्यानं आपला गज आणला. मग खोपटाच्या सावलीत त्यांनी दीड वर्षापूर्वीचा तो चाळिसावा दिवस पुरा केला. गोसाव्यानं विचारलं, पटली का? कासमभाई म्हणाला, पटली. त्यानं विचारलं, तुमाले? गोसावी म्हणाला, लई पटली. गज बदलले. मोठी सारंगी गोसाव्याची झाली आणि लहान कासमभाईची. मला वाटलं होतं निदान आता बापाची सारंगी तो परत मागेल, पारख नापास म्हणेल. त्यानं तिच्या पोटाला एकदा कान लावला, तेवढंच.

परतीच्या गाडीत मी त्याला सगळं सांगितलं. मी रडलो, हेही सांगतो, लाज कसली. तो म्हणाला, मला ठाऊक आहे. आणि म्हणाला, तुम्ही खोटं बोललात म्हणून तर मी दारात गेलो, नाहीतर आम्ही दोघं दोन गावांत तसेच बसून मेलो असतो. मी म्हणालो, आता भातकुली. आषाढ चार दिवसांवर आहे. तो हो म्हणाला.

पुढचं आधीच सांगून टाकतो, कारण शेवट त्याच्यावर करायची माझी इच्छा नाही. त्या ज्येष्ठात मूर्तिजापूरच्या सराईत पटकीची साथ होती, आणि कासमभाई परतीच्या वाटेत तिथंच उतरला होता. तिसऱ्या दिवशी तो आला नाही म्हणून मी चौथ्या दिवशी गेलो, तर सराईच्या मागं ओली माती दाखवली. सराईवाला म्हणाला, दोन दिवस पुरे बसला होता, वाजवत होता, तिसऱ्याच्या पहाटे आडवा झाला. लहान सारंगी मी आणली आणि गजासकट गोसाव्याला नेऊन दिली. त्यानं ती कुणाला दिली ठाऊक नाही. भाभीला मी कसं सांगितलं ते मला आठवत नाही, आणि आठवायचंही नाही.

मला आठवतं ते हे. गाडी मूर्तिजापूरला थांबली आणि कासमभाई सारंगी घेऊन उठला. मी विचारलं, कुठं? तो म्हणाला, “बुवा माह्यासाठी दोन रोज बसला होता. ते दोन रोज बसून येतो.” मी त्याचा हात धरला. म्हणालो, अरे खुळ्या, त्याला आता काय त्याचं, तो कुठं बघायला येतो आहे? तू आजारी, बाहेर असं ऊन. तो हात सोडवून खाली उतरला. मला राग आला. मी म्हणालो, बस मग, मर तिकडं. हे शब्द मी बोललो. खिडकीतून ओरडून विचारलं, आणि महंतांना काय सांगू? सारंगी कधी येणार म्हणून सांगू?

तो फलाटावरच एका बोज्यावर बसला होता. ओढणी सोडून सारंगी मांडीवर घेतलेली. गज अजून उचलला नव्हता. डाव्या हाताची नखं मात्र तातीवर वरखाली फिरत होती, घट्टा परत आणायला, पहिल्या दिवशी नवशिका करतो तसं. गाडी हलली तेव्हा त्यानं वर पाहिलं. खोकला, आणि हसला.

“हात बसाले चाळीस दिवस लागतीन म्हना,” तो म्हणाला. “चाळीसच सांगा, गुरवबुवा. सव्वा महिना नोका सांगू.”